नळाआधी विहिरीने सांगायला हवे

२०२१ च्या नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा. हवाई बेटांपैकी ओआहू बेटावर, पर्ल हार्बरच्या नाविक तळाभोवतीच्या वसाहतींत थँक्सगिव्हिंगची सुट्टी चालू होती. घरोघरी स्वयंपाक, पाहुणे, मुलांच्या आंघोळी. त्याच दोन-तीन दिवसांत अनेक घरांत नळ सोडला की रॉकेलसारखा वास येऊ लागला. कुणाच्या बादलीतल्या पाण्यावर तेलकट तवंग दिसू लागला. पोटदुखी, मळमळ, डोकेदुखी, अंगावर चट्टे, डोळ्यांची आग अशा तक्रारी वाढल्या. यातले एकेक लक्षण इतके सर्वसाधारण आहे की जगातला कोणताही डॉक्टर आधी ‘काहीतरी खाण्यात आले असेल’ किंवा ‘व्हायरल असेल’ असेच म्हणेल. शेजारीपाजारी बोलू लागले, तेव्हा कुठे उलगडले की आजार घराघरांतला नाही, नळातला आहे.

ज्या विहिरीतून हे पाणी येत होते, ती ‘रेड हिल शाफ्ट’ नौदलाने २८ नोव्हेंबरला बंद केली. तोवर नौदलाच्या पाणीयोजनेवर अवलंबून असलेल्या सुमारे ९३ हजार लोकांपैकी अनेकांनी ते पाणी प्यायले होते, त्यात स्वयंपाक केला होता, मुलांना अंघोळ घातली होती. या टेकडीखालचे पाणी दूषित होते आहे का, हे पाहण्यासाठी तिथे निरीक्षण विहिरी खोदलेल्या होत्या. वर्षानुवर्षे नमुने घेतले जात होते, अहवाल लिहिले जात होते. तरीही धोक्याची पहिली खबर कळली ती लोकांच्या नाकाला.

डोक्यावर तेल, पायाखाली पाणी

रेड हिल ही ज्वालामुखीच्या खडकाची टेकडी आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४० ते १९४३ दरम्यान, अमेरिकेने तिच्या पोटात २० प्रचंड इंधनटाक्या बांधल्या. बॉम्बहल्ल्यापासून इंधन सुरक्षित राहावे हा हेतू. प्रत्येक टाकी सुमारे २५० फूट उंच, १०० फूट रुंद आणि जवळपास पावणेपाच कोटी लिटर इंधन मावेल एवढी. सगळ्या मिळून सुमारे ९५ कोटी लिटर. या टाक्यांच्या तळापासून केवळ १०० फूट खाली ओआहूचा मुख्य जलधर आहे, म्हणजे ज्या खडकात पिण्याचे पाणी साठते तो थर. समुद्राच्या खाऱ्या पाण्यावर तरंगणारे हे गोड्या पाण्याचे भांडार बेटाचा मुख्य आधार आहे. युद्धकाळात त्या जागी कुणी पाण्याचा विचार केला नसेल, हे समजून घेता येते. त्यानंतरची सत्तरहून अधिक वर्षे तो विचार पुढे ढकलला गेला, हे समजून घेणे जड जाते.

जानेवारी २०१४ मध्ये ५ क्रमांकाच्या टाकीतून सुमारे एक लाख लिटर इंधन गळाले. त्यानंतर निरीक्षण विहिरींचे जाळे वाढवायचे, टाक्या सुधारायच्या असा करार झाला. होनोलुलूच्या पाणीपुरवठा मंडळाचे मुख्य अभियंता अर्नी लाऊ वर्षानुवर्षे सांगत होते की विहिरी पुरेशा नाहीत आणि या खडकात पाणी नेमके कुठून कुठे जाते हेच नीट कळलेले नाही.

मग ६ मे २०२१ रोजी इंधन एका टाकीतून दुसरीकडे वळवताना चूक झाली, नळ्यांमध्ये दाबाचा धक्का बसला आणि इंधन बाहेर पडले. नौदलाने सुरुवातीला हिशेब दिला तो असा : सांडले सुमारे ६,१०० लिटर, आणि त्यातले दीडशेएक लिटर सोडले तर सगळे परत मिळाले. प्रत्यक्षात पाऊण लाख लिटरच्या आसपास इंधन आग विझवण्याच्या यंत्रणेच्या निचरा-नळीत जाऊन बसले होते. सहा महिने ते तिथेच होते. इंधनाच्या वजनाने नळी खाली झुकली होती. २० नोव्हेंबरला बोगद्यातल्या छोट्या रेल्वेगाडीची धडक त्या नळीच्या झडपेला बसली. नळी फुटली आणि सुमारे ३४ तास इंधन बोगद्यात सांडत राहिले. तिथून झिरपत ते विहिरीच्या पाण्यापर्यंत पोहोचले.

कोणत्याही रुग्णालयाच्या वॉर्डात मूत्रपिंडाच्या रुग्णाच्या खाटेला एक तक्ता टांगलेला असतो. आत किती पाणी गेले, बाहेर किती आले. दोन्हींचा मेळ बसत नसेल तर परिचारिका डॉक्टरांना हाक मारते, कारण ते पाणी कुठेतरी साठते आहे, पायांत नाहीतर फुप्फुसांत. पेट्रोल पंपावरही रोज सकाळी टाकीत डिप रॉड घालून माप घेतात आणि विक्रीशी ताडून बघतात, तो हाच तक्ता. इंधनाच्या प्रत्येक साठ्यावर सर्वांत पहिली आणि सर्वांत स्वस्त देखरेख हीच आहे. रेड हिलमध्ये मे महिन्यात पाऊण लाख लिटरचा मेळ बसत नव्हता. तो तेव्हाच शोधला असता तर नोव्हेंबरात विहिरीत काही शोधण्याची वेळच आली नसती.

काय शोधायचे, हे आधी ठरवावे लागते

नळाला वास येऊ लागल्यावर तळाच्या अधिकाऱ्यांनी सुरुवातीला रहिवाशांना कळवले की पाणी असुरक्षित असल्याचे तूर्त काही चिन्ह नाही. राज्याच्या आरोग्य खात्याने मात्र ते पाणी पिऊ नका, स्वयंपाकाला वापरू नका असे सांगितले. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात रेड हिल विहिरीतून घेतलेल्या नमुन्यात डिझेलच्या वर्गातल्या पेट्रोलियम हायड्रोकार्बनचे प्रमाण अब्ज भागांत १ लाख ४० हजार निघाले. हवाई राज्याची कृतीची मर्यादा होती ४००. म्हणजे ३५० पट. इतके जेट इंधन पाण्यात विरघळूच शकत नाही. नमुन्याच्या बाटलीत नुसते दूषित पाणी नव्हते, इंधनच होते.

इथे एक बारीक मुद्दा आहे आणि आपल्याकडच्या वाचकांनी तो लक्षात ठेवावा असा आहे. इंधन म्हणजे एक रसायन नव्हे, शेकडो रसायनांचे मिश्रण. पेट्रोल गळाले तर बेंझिन, टोल्युईन, एथिलबेंझिन आणि झायलीन ही चार हलकी द्रव्ये शोधायची असतात. ती पाण्यात सहज विरघळतात आणि लांब जातात. रेड हिलमध्ये सांडलेले जेपी-५ हे विमानाचे इंधन मात्र रॉकेलचे भावंड. त्यात बेंझिन अगदी कमी. अशा जागी कुणी फक्त बेंझिन तपासले तर अहवाल ‘आढळले नाही’ असा येईल, आणि पाण्याला रॉकेलचा वास तसाच राहील. म्हणून तिथे एकूण पेट्रोलियम हायड्रोकार्बन मोजावे लागतात, नॅप्थॅलीन मोजावे लागते. ताप आलेल्या रुग्णाची फक्त मलेरियाची चाचणी करून ती निगेटिव्ह आल्यावर ‘काही नाही’ म्हणून घरी पाठवण्यासारखेच हे आहे.

आपल्याकडे विहिरीचे पाणी प्रयोगशाळेत दिले की साधारणपणे विरघळलेले क्षार, कठीणपणा, नायट्रेट, फ्लोराईड आणि जिवाणू तपासले जातात. ‘पिण्यायोग्य’ असा शेरा मिळतो. भारतीय मानकात खनिज तेलाची मर्यादा लिटरला ०.५ मिलिग्रॅम अशी दिलेली आहे, पण मागितल्याशिवाय ती तपासणी सहसा होत नाही. त्या शेऱ्याचा अर्थ एवढाच की जे शोधले ते सापडले नाही.

नाकाची गोष्टही तशीच फसवी. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यात बेंझिनची मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रॅम सांगितली आहे, अमेरिकेची मर्यादा ५ आहे. पाण्यातल्या बेंझिनचा वास माणसाला येतो तो याच्या शेकडो पट प्रमाण झाल्यावर. बेंझिनमुळे रक्ताचा कर्करोग होतो हे पक्के सिद्ध झालेले आहे. ओआहूच्या रहिवाशांना वास आला, हे एका अर्थाने त्यांचे नशीब. पेट्रोलचे बेंझिन थेंबाथेंबाने विहिरीत उतरत असेल तर तेवढेही नशीब वाट्याला येत नाही.

बुडबुडा नको

निरीक्षण विहीर दिसायला साधी असते. चार-सहा इंचांचे बोअर, आत जाळीदार नळी, वरच्या बाजूला पावसाचे घाण पाणी कडेने आत उतरू नये म्हणून चिकणमातीची पक्की डाट. इंधन पाण्यापेक्षा हलके, म्हणून ते भूजलाच्या पातळीवर तरंगते. त्यामुळे नळीची जाळी नेमकी त्या पातळीला हवी. जाळी फार खाली बसवली तर तवंग बाहेरच राहतो आणि नळीत स्वच्छ पाणी येते. आत सोडलेले एक उपकरण हवा, इंधन आणि पाणी यांच्या सीमा ओळखून तवंगाची जाडी सांगते. त्याखालचे पाणी अगदी संथ गतीने उपसून छोट्या काचेच्या बाटलीत काठोकाठ भरतात. झाकणाखाली हवेचा एक बुडबुडाही चालत नाही, कारण बेंझिनसारखी द्रव्ये पाण्यातून निघून त्या बुडबुड्यात जातात आणि अहवालातला आकडा कमी येतो. बाटली बर्फात ठेवून प्रयोगशाळेत न्यायची. अतिदक्षता विभागात धमनीतले रक्त तपासायला घेताना ज्यांनी सिरिंजमधला बुडबुडा काढून ती बर्फात ठेवली आहे, त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. प्लास्टिकच्या बाटलीत अर्धवट भरून, दुपारभर जीपमध्ये फिरवून आणलेल्या नमुन्यावरून कुणाच्या विहिरीला स्वच्छतेचे प्रमाणपत्र देऊ नये.

विहीर बरोबर, बाटली बरोबर, चाचणी बरोबर. तरीही उत्तर चुकू शकते, आणि याचे कारण खडकात आहे.

रेड हिलचा खडक बेसॉल्ट आहे, लाव्हा थंड होऊन बनलेला. सह्याद्रीचाही तोच. महाराष्ट्राचा ८० टक्क्यांहून अधिक भूभाग याच काळ्या पाषाणावर वसला आहे. दोन्हींचे वय आणि जडणघडण वेगळी आहे. हवाईचा लाव्हा तरुण आणि जास्त सच्छिद्र. पण पाणी दोन्हीकडे मुख्यतः भेगांमधून आणि दोन थरांच्या सांध्यांतून वाहते. महाराष्ट्रातल्या कुठल्याही शेतकऱ्याला हे शाळेत न जाता ठाऊक असते. एका बांधावर बोअर मारली तर दोन इंच पाणी लागते, वीस पावलांवर दुसरी मारली तर नुसता फुफाटा उडतो. इंधनही याच भेगांची वाट धरते. वाळूच्या जमिनीत ते एका पसरत्या डागासारखे पुढे सरकते आणि चार-पाच विहिरींत त्याचा नकाशा मिळू शकतो. बेसॉल्टमध्ये ते एका भेगेतून निघून पाचशे फुटांवरच्या विहिरीत उगवेल आणि मधल्या तीन निरीक्षण विहिरी कोरड्या ठणठणीत स्वच्छ दाखवतील. लाऊ यांची तक्रार हीच होती. अशा खडकात ‘आढळले नाही’ याचे वजन फार कमी असते, आणि ‘आढळले’ याचे फार जास्त.

त्यात आपल्याकडे भर पावसाळ्याची. मे महिन्यात खोल गेलेली भूजल पातळी सप्टेंबरात कित्येक मीटर वर येते. पातळी खाली जाते तेव्हा तवंगही तिच्याबरोबर खाली उतरतो आणि खडकाच्या भेगांना चिकटत जातो. पाणी वर चढते तेव्हा ते इंधन पाण्याखालीच अडकून राहते. पावसाळ्यानंतर निरीक्षण विहिरीत डोकावले तर तवंग गायब. साफसफाई यशस्वी झाली असे वाटते. पुढच्या उन्हाळ्यात तो पुन्हा हजर. म्हणून वर्षातून एका नमुन्यावर भागत नाही. पातळीच्या चढउताराबरोबर किमान दोन वर्षांचा आलेख हाताशी असावा लागतो, आणि दूषित होण्याआधीचा एक नमुना असेल तर सोन्याहून पिवळे. तो बहुधा नसतो.

डॉक्टरांपुढचा प्रश्न : किती, आणि किती दिवस?

ओआहूच्या रहिवाशांची अमेरिकेच्या आरोग्य यंत्रणेने पाहणी केली. भाग घेतलेल्या २,२८९ जणांपैकी ८७ टक्के लोकांनी किमान एक नवे किंवा वाढलेले लक्षण सांगितले. ३७ टक्के लोक डॉक्टरांकडे गेले. १७ जणांना रात्रभर तरी रुग्णालयात राहावे लागले. ज्यांना लक्षणे होती त्यांतल्या तीन-चतुर्थांश जणांची लक्षणे ३० दिवस किंवा त्याहून अधिक टिकली. ही पाहणी लोकांनी स्वतः दिलेल्या माहितीवर आधारलेली होती आणि ज्यांना त्रास झाला ते अशा पाहणीत जास्त भाग घेतात, हे धरूनच हे आकडे वाचावेत. तरी ते किरकोळ नाहीत.

पुढे काय? रॉकेलसारख्या इंधनाचे तातडीचे परिणाम आपल्या सरकारी रुग्णालयांना नवे नाहीत. घरोघरी स्टोव्ह होते तेव्हा पाण्याच्या तांब्यात किंवा बाटलीत ठेवलेले रॉकेल प्यायलेली मुले अपघात विभागात नेहमी यायची. पोटापेक्षा धोका फुप्फुसांना असतो. म्हणून अशा मुलाला उलटी करवायची नाही, हे त्या काळातल्या प्रत्येक निवासी डॉक्टरच्या अंगवळणी पडले होते. पण कित्येक दिवस पाण्यातून थोडे थोडे इंधन पोटात, त्वचेतून आणि गरम पाण्याच्या वाफेबरोबर श्वासात गेले तर पाच-दहा वर्षांनी काय होईल, याबद्दलचा पुरावा तोकडा आहे. तो मिळवायचा तर प्रत्येक घरात किती प्रमाण होते आणि किती दिवस, हे ठाऊक हवे. दूषित पाण्याची लाट नळ्यांमधून काही दिवसांत पुढे निघून जाते. त्या दिवसांत नमुना घेतला नसेल तर तो आकडा नंतर कोणत्याही यंत्राने काढता येत नाही. ज्या आईला मुलाच्या भवितव्याची काळजी आहे, तिला डॉक्टर ‘लक्ष ठेवू’ एवढेच सांगू शकतो. निरीक्षण उशिरा झाले की त्याची किंमत अशी दवाखान्यात मोजली जाते.

इंधन संपले तरी

जमिनीतले जिवाणू इंधन खातात, हे खरे आहे आणि दिलासा देणारे आहे. याचा सर्वांत दीर्घ अभ्यास अमेरिकेतच, मिनेसोटा राज्यातल्या बेमिजी गावाजवळ चालू आहे. २० ऑगस्ट १९७९ रोजी तिथे वाहिनी फुटून सुमारे १७ लाख लिटर कच्चे तेल सांडले. बरेचसे उपसले, जाळले, तरी चारेक लाख लिटर जमिनीत राहिले. अमेरिकी भूशास्त्र संस्थेने १९८३ पासून ती जागा प्रयोगशाळेसारखी जपली आणि तिथल्या विहिरी ती आजवर वाचत आली आहे. जिवाणूंनी बेंझिनचा प्रसार रोखून धरला, हे तिथे दिसले. पण आणखी एक गोष्ट दिसली. तेल खाताना जिवाणू जमिनीतला प्राणवायू संपवतात, मग श्वासासाठी वाळूच्या कणांवरचा लोहगंज वापरतात. त्या गंजाला नैसर्गिकरीत्या चिकटून बसलेले आर्सेनिक सुटते आणि पाण्यात येते. तिथे ते लिटरला २३० मायक्रोग्रॅमपर्यंत आढळले. पिण्याच्या पाण्यातली मर्यादा १० आहे.

सांडले तेल, सापडले आर्सेनिक. तेलाशी संबंध नसलेली ही चाचणी करायचे कुणाला सुचले म्हणून हे कळले. इंधनाचे आकडे उतरले म्हणून निरीक्षण थांबवणाऱ्यांनी बेमिजीचे हे पान जरूर वाचावे.

आपल्या दारात

भारतातही हे घडून गेले आहे. २०१३ च्या जुलैत चेन्नईच्या तोंडियारपेट भागात लोकांच्या बोअरच्या पाण्याला इंधनाचा वास येऊ लागला. बंदरापासून साठवण केंद्राकडे जाणाऱ्या भूमिगत तेलवाहिनीला गळती लागली होती. तिथेही प्रकरण उघड झाले ते नागरिकांच्या बादलीतून. पुढे ते राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेले. पेट्रोल पंपांबाबत केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने जानेवारी २०२० मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. नवा पंप शाळा, रुग्णालय आणि निवासी भागापासून ५० मीटरच्या आत नसावा, असे त्यांत आहे. जुन्या गावठाणांत वर्षानुवर्षे विहिरीला लागून उभे असलेले पंप आणि त्यांच्या जमिनीखालच्या टाक्या हा वेगळा विषय आहे.

बोअरच्या किंवा विहिरीच्या पाण्याला रॉकेल-पेट्रोलचा वास आला किंवा वर सप्तरंगी तवंग दिसला, तर ते पाणी उकळू नये. उकळून जंतू मरतात, इंधनाची मात्र वाफ होऊन ती स्वयंपाकघरात पसरते. घरातले पाणी शुद्ध करण्याचे यंत्र या कामासाठी बनवलेले नसते. त्यातला कार्बन थोडे शोषतो आणि लवकरच भरून जातो. त्या पाण्याने अंघोळही करू नये. पंप बंद करावा, काचेच्या स्वच्छ बाटलीत काठोकाठ नमुना भरून थंड ठेवावा, बाटलीवर तारीख आणि वेळ लिहावी, आणि स्थानिक स्वराज्य संस्थेला व प्रदूषण नियंत्रण मंडळाला लेखी कळवावे. तपासणी मागताना ‘पेट्रोलियम हायड्रोकार्बन आणि बेंझिन’ असे शब्द अर्जात असू द्यावेत. डॉक्टरांकडे गेल्यावर पाण्याचा वास आपणहून सांगावा. तो प्रश्न विचारायचे त्यांना सुचेलच असे नाही.

ओआहूत मार्च २०२२ मध्ये अमेरिकेच्या संरक्षण मंत्र्यांनी रेड हिल कायमचे बंद करण्याचा आदेश दिला. ऑक्टोबर २०२३ पासून टाक्या रिकाम्या करायला सुरुवात झाली आणि सुमारे ३९ कोटी लिटर इंधन काढून नेण्यात आले. टाक्यांभोवती नव्या निरीक्षण विहिरी खोदल्या गेल्या. पण त्याच जलधरावरची, शहरी होनोलुलूला सुमारे २० टक्के पाणी देणारी हालावा शाफ्ट ही विहीर लाऊ यांच्या मंडळाने २ डिसेंबर २०२१ ला स्वतःहून बंद केली. तिचे पाणी तेव्हा दूषित झालेले नव्हते. पण तिचे पंप चालू ठेवले असते तर खडकाच्या भेगांतले इंधन तिच्याकडे ओढले जाण्याची भीती होती. टाक्या रिकाम्या झाल्या तरी भेगांत नेमके किती इंधन उरले आहे ते ठरलेले नाही, आणि रेड हिल रिकामी झाल्यावरही हालावाचे पंप बंदच होते.